चौथी धुलाई

माझ्या ताईच्या पायाला भिंगरी आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, वैतागून सांगते. जेवायला बसली की मध्येच मीठ आणायला उठेल, मीठ समोर असताना. टीव्ही लावला की ही गॅलरीत. गॅलरीत गेली की दोरीवरचे चिमटे रंगाप्रमाणे लावून परत. तिचा नवरा गेला तेव्हापासून, म्हणजे गेली चौदा वर्षं, आम्ही दोघी बहिणी दोन खोल्यांत एकत्र राहतो. माझं लग्न झालंच नाही. त्याची कारणं सांगत बसले तर नमनालाच घडाभर तेल जाईल. पुढच्या खोलीत माझं शिवणयंत्र आहे. लोकांचे कपडे आत घेणं, सैल करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं हा माझा धंदा. मी दिवसभर एका जागी बसते आणि संध्याकाळी ती घरी आली की माझ्याभोवती फिरत राहते. कितीदा म्हटलं असेल, बाई गं, एकदा टेक तरी.

ताई एका प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. बावीस वर्षं झाली. तिथली पोरं तिला तोंडावर मावशी म्हणतात आणि पाठीमागे फिरकी. सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी चालवलेलं तिला खपत नाही, म्हणून फिरकी. पोरांना वाटतं हे नाव तिच्या कानावर गेलेलं नाही. गेलंय. आवडतंही, पण कबूल करेल तर शपथ.

तिचं काम काय, तर धुणं. धुवायचे ते कण, आणि कण इतके लहान की एका केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी मावावेत. नॅनो म्हणतात त्यांना. डोळ्यांना दिसत तर नाहीतच. नळीच्या बुडाशी पातळ करडी साय धरते, तेवढाच काय तो पुरावा. या कणांच्या पोटात औषध भरायचं, ते रक्तात सोडायचं आणि त्यांनी नेमकं यकृतातल्या गाठीपर्यंत जायचं, हा त्या प्रयोगशाळेचा सहा-सात वर्षांचा उद्योग.

त्यांना पत्ता कोण सांगतं, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा ताईनं हातातलं फडकं खाली ठेवून मला समजावलं, म्हणजे विषय तिच्या जिव्हाळ्याचा होता. रक्तात हजारो प्रकारची प्रथिनं पोहत असतात. कण आत पडला रे पडला की ती त्याच्या अंगाला चिकटतात. कण उघडा असा क्षणभरही राहत नाही. आधी येतात ती संख्येनं जास्त असलेली. मग त्यांना बाजूला सारून घट्ट धरणारी येतात. त्यांच्याही वर एक सैलसर थर बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. मग शरीराला मूळ कण दिसतच नाही, त्याच्यावरचं पांघरूण तेवढं दिसतं. चरबी वाहून नेणारं एक प्रथिन चिकटलं तर यकृत म्हणतं, हा आपलाच, ये आत. भलतंच काही चिकटलं तर त्याला परका समजून गिळून टाकतात.

मी म्हटलं, म्हणजे माणूस कसा आहे ते कुणी बघत नाही, अंगावर काय घातलंय तेच बघतात. ताई म्हणाली, तुझ्या धंद्याला बरंच आहे की ते.

आता कणावर कुठली प्रथिनं चिकटली ते बघायचं, तर भोवती मोकळी पोहणारी काढून टाकायला हवीत. म्हणून हे धुणं. कण माणसाच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरतो त्या पिवळसर पाण्यात, तासभर अंगाइतक्या उबेत ठेवायचे. मग फिरवायचे. कण बुडाशी बसले की वरचं ओतून द्यायचं, ताजं खारट पाणी घालायचं, हलवायचं, पुन्हा फिरवायचं. असं तीनदा. त्याचा छापील तक्ता आहे. धुणे एक, धुणे दोन, धुणे तीन, आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. चौकोनात बरोबरची खूण करायची आणि खाली सही ठोकायची.

ताईनं तिन्ही चौकोनांत खुणा केल्या, सही केली, आणि चौथ्यांदा धुतलं. एकदा नाही, दोनदा नाही. सहा वर्षं.

का, तर फेस. तिसऱ्या पाण्यानंतर नळी हलवली की वर बारीकसा फेस दिसायचा. पाण्यात प्रथिनं असली की तो येतो. ताईला तो बघवेना. तिच्या हातून गेलेली नळी अशी फेसाळ कशी असेल? म्हणून आणखी एक पाणी. कागदावर चौथा चौकोन नव्हता, म्हणून लिहिलं नाही. लपवाछपवी अजिबात नव्हती. कुणी विचारलं असतं तर तिनं मान ताठ करून सांगितलं असतं. पण नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईला कोण विचारायला जातंय, किती वेळा धुतलंत म्हणून? अति तिथे माती म्हणतात, पण मुळात अति झालंय हे तरी कुणाला कळायला हवं ना.

ते उघडकीला आलं माझ्या पित्ताशयामुळे. ते काढायला मला दवाखान्यात राहावं लागलं आणि ताईनं आठ दिवस रजा घेतली. बावीस वर्षांत एवढी सलग रजा तिनं कधी घेतली नव्हती. त्या आठ दिवसांत तिथल्या संशोधक मुलीनं स्वतः कण धुतले. ही मुलगी चार वर्षं याच विषयावर डॉक्टरेट करते आहे. हुशार, पण जरा रडूबाई. तिनं तक्त्याप्रमाणे तीनदा धुतले. आणि प्रथिनं वेगळी करून पट्टीवर बघितली, तिथे प्रत्येक प्रथिनाची एक रेघ उमटते, तर एक जास्तीची रेघ. ताईच्या नमुन्यांत ती कधीच नसायची. पोरीला वाटलं आपण घाण केली. पुन्हा केलं, पुन्हा रेघ. ती रडली. बाकीच्यांनी तिची फिरकी घेतली, म्हणाले हाताला गुण लागतो, तो मावशीचा.

सोमवारी ताई कामावर परतली तेव्हा तिच्यासमोरही हेच कौतुक झालं. ताईनं नेहमीसारखे कण धुतले. रेघ गायब. पोरगी हसली, म्हणाली, सुटले बाई, माझीच चूक होती, मी तर घाबरूनच गेले होते. कशाला घाबरलीस, असं ताईनं विचारलं. तेव्हा ती म्हणाली की रेघ जिथे दिसत होती ते प्रथिन शरीराच्या धोक्याच्या घंटेचं आहे. जंतू शिरला की ते त्याच्यावर बसतं आणि घंटा वाजवतं. आपल्या कणांवर ते खरंच बसत असतं, तर औषध नसेत शिरताच माणसाचा श्वास कोंडला असता, रक्तदाब धाडकन खाली आला असता. उंदरांना काही झालं नव्हतं, पण उंदरांचं रक्त निराळं. आणि आपल्या कागदांवर ते प्रथिन नव्हतंच, म्हणून घंटेची वेगळी चाचणी कुणी मागितलीसुद्धा नाही. हे सगळं पोरगी हसत हसत सांगत होती आणि ताई हातातली नळी पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत होती. कारण रेघ गेली होती चौथ्या पाण्यात, हे त्या खोलीत एकट्या ताईला ठाऊक होतं. माणसाच्या रक्तात काही कुणी तीनदा आणि चारदा पाणी घालून धूत नाही. तिथे सैल थरही अंगावर असतो, घंटा वाजवणाऱ्यासकट.

माणसाला पहिला डोस देण्याची तारीख ठरलेली होती. दहा दिवस उरले होते. पुढच्या आठवड्यातला गुरुवार.

आणि पहिला माणूस होता त्यांचाच वॉचमन.

हा वॉचमन वीस वर्षं प्रयोगशाळेच्या फाटकावर बसतो. जीभ तिखट, माणूस सोन्यासारखा. ताई सकाळी लगबगीनं आली की तो घड्याळाकडे बघून म्हणायचा, बाई, तुम्ही पोचलात, आता सूर्य उगवायला हरकत नाही. दीड वर्षापूर्वी त्याच्या यकृतात गाठ निघाली. दोन औषधं झाली, दोन्ही फुकट. डोळे पिवळे, गालफडं बसलेली, तरी ड्यूटी सोडली नाही. शेजारच्या रुग्णालयात या नव्या औषधासाठी माणसं निवडली तेव्हा तो सगळ्या कसोट्यांत बसला. काय आनंद त्याला. येईल त्याला सांगायचा, आपल्या घरचं औषध, आपल्याच माणसाला आधी. जुन्या औषधाच्या डॉक्टरांनी त्याला सहा महिने सांगितले होते. हेही तो सांगायचा, पण हळू.

ताई त्या सोमवारी घरी आली आणि तिनं स्वयंपाकघरातले डबे काढले. सगळे. पुसले, परत लावले. मंगळवारी पुन्हा तेच डबे. बुधवारी गॅसची शेगडी उचलून तिच्याखालची फरशी घासली, गुरुवारी नळ बंद आहे का ते बघायला आठ वेळा उठली. मी मोजलं, कारण दर वेळी माझ्या शिवणयंत्राला तिचा धक्का लागत होता आणि शिलाई वाकडी जात होती. शुक्रवारी तिनं भाजीत दोनदा तिखट घातलं. माझं ऑपरेशन होऊन पंधरवडा झाला नव्हता, टाके ओढत होते, आणि ही घरभर अशी फिरत होती की मलाच चक्कर यावी. मी खेकसले. बाई, तुला झालंय काय? काही नाही म्हणाली. काही नाही म्हणतानाही ती खिडकीची कडी पुसत होती.

रविवारी दुपारी मी तिच्या हातातलं फडकं हिसकावून घेतलं आणि दाराला कडी घातली. म्हटलं, आता बोल, नाहीतर दोघी इथेच बसू. मग ती बोलली. उभ्याउभ्या, भिंतीला पाठ लावून, चौकोनापासून वॉचमनपर्यंत सगळं.

मी काय केलं ते सांगते. लाज वाटते, पण सांगते. मी तिला म्हटलं, "तू गप्प बस."

म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षांनी तू निवृत्त होणार. आत्ता तोंड उघडलंस तर बावीस वर्षं पाण्यात. आणि तुझं सोड, त्या वॉचमनचा विचार कर. औषध थांबलं तर तो नक्की जाणार. दिलं तर कदाचित जगेल. एवढ्या मोठमोठ्या डॉक्टरांनी तपासलंय, ती रेघ म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. तू कोण लागून गेलीस त्याचं औषध काढून घेणारी? मला वाटत होतं मी फार शहाणपणाचं बोलतेय. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. ताईची नोकरी गेली तर ती दिवसभर या घरात फिरणार, आणि आमच्या दोघींचं कसं व्हायचं, हे माझ्या डोक्यात आधी आलं होतं. वॉचमन नंतर आला.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो माझ्यासमोर मेला तर मला कळेल कशानं मेला. एकटीला कळेल."

मी फडकं तिला परत दिलं. दुसरं काय देणार.

सोमवारी तिनं संशोधक मुलीला बाजूला घेतलं आणि दोन नळ्या तिच्या डोळ्यांदेखत लावल्या. एकच प्लाझ्मा, एकाच कुपीतले कण. एक नळी तीनदा धुतली, दुसरी चारदा. संध्याकाळी पहिलीत रेघ, दुसरीत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पोरीनं या खेपेला रडायचंही टाकलं. तिचे चार वर्षांचे आकडे त्या चौथ्या पाण्यावर उभे होते. ती एवढंच म्हणाली, मावशी, सरांना मी सांगू का? ताई म्हणाली, नाही, सही माझी आहे.

मंगळवारी सकाळी ताई सरांच्या खोलीत गेली. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की मजल्यावरच्या काचा थरथराव्यात. ताईनं दोन्ही नळ्यांचे फोटो टेबलावर ठेवले आणि सांगितलं. सरांना पहिल्यांदा कळलंच नाही. तक्ता मागवला. तक्त्यावर तर तीनच खुणा, म्हणाले. ताईनं पुन्हा सांगितलं. मग ते ओरडले. काय काय ओरडले ते ताईनं मला सांगितलं नाही, पण बाहेर व्हरांड्यात पोरं भिंतीला चिकटून उभी होती म्हणे. ओरडून झाल्यावर त्यांनी विचारलं, किती वर्षं? सहा, ती म्हणाली. सर खुर्चीत बसले. चष्मा काढून ठेवला. म्हणाले की तुम्ही बोलला नसता तर हे कुणालाच कळलं नसतं. हे ते रागानं म्हणाले की आणखी कशानं, ते ताईला अजून उमगलेलं नाही. मग त्यांनी तिच्यासमोरच रुग्णालयाला फोन लावला आणि गुरुवार रद्द केला. हे त्यांच्याबद्दल मी आयुष्यभर चांगलं बोलेन.

इथे ताई घरी येऊ शकली असती. वॉचमनला रुग्णालयातून फोन जाणारच होता, तारीख पुढे गेली म्हणून. तारखा पुढे जातातच. कुणामुळे गेली हे त्याला कधी समजलं नसतं. पण ती सरांच्या खोलीतून निघाली ती जिने उतरून थेट फाटकावर. तोपर्यंत फोन येऊन गेला होता. वॉचमन नोंदवही पुढ्यात घेऊन बसला होता, आणि तिला बघून म्हणाला, आपलं लग्न लांबलं बघा बाई, मुहूर्त चुकला.

तिनं त्याला सगळं सांगितलं. फेसापासून.

मध्येच एक मोटार आली, त्यानं उठून फाटक उघडलं, लावलं, परत येऊन बसला. मग विचारलं, "किती महिने लांबलं?"

"चार. पाचही लागतील."

"मला सहा सांगितलेत," तो म्हणाला. हे ताईला ठाऊक होतंच. मग त्यानं तिच्याकडे बघून अगदी साधेपणानं विचारलं, "चौथ्यांदा का धुतलंत, बाई?"

ताई घरी आली आणि दारातच उभी राहिली. मला म्हणाली, फेस होता, एवढंच सांगता आलं. फेस होता म्हणून. त्या संध्याकाळी ती रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. दोन दिवसांपूर्वी मीच तिला गप्प बसवत होते.

मग सुरू झाले ते पावणेपाच महिने. ते कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. ताईला ताकीदपत्र मिळालं. तक्त्यात चौथा चौकोन आला नाही. खाली ठळक अक्षरात ओळ आली, तीनपेक्षा जास्त वेळा धुऊ नये. सरांनी छापून आलेले दोन शोधनिबंध मागे घेतले. संशोधक मुलगी पहिल्यापासून सगळं करू लागली. सगळ्या नळ्या नव्यानं. काही नळ्या अजिबात न धुता, नुसत्या अलगद वेगळ्या काढून, कारण सैल थर जसा रक्तात असतो तसाच बघायचा होता. घंटेची चाचणी झाली, ज्यांचं रक्त आपल्यासारखं भडकतं अशा प्राण्यांवर झाली, आणि घंटा खणखणीत वाजली. औषध टाकाऊ ठरलं नाही. भराभर सोडायचं नाही, थेंबाथेंबानं सोडायचं, आणि आधी घंटा दाबून धरणारं इंजेक्शन द्यायचं, असा नवा बेत ठरला. पण बेत ठरायला, मग तो समितीनं मान्य करायला, मग सह्या व्हायला दिवस लागतात. ताई रोज घरी येऊन मला सांगायची, आज अमक्याची सही झाली, तमक्याची राहिली, आणि सांगता सांगता माझ्या टेबलावरच्या टाचण्या उलट्यासुलट्या करायची.

वॉचमन रोज फाटकावर होता. तिला बघून फाटक उघडायचा आणि रस्त्याकडे बघायचा. सूर्याबद्दल काही बोलायचा नाही. घड्याळाकडेही बघायचा नाही. दर महिन्याला त्याचा पट्टा एक भोक आत गेलेला ताईला दिसायचा. ती मागच्या दारानं जाऊ शकली असती, तिकडेही एक दार आहे. मी तसं सुचवलंसुद्धा. म्हटलं, कशाला रोज जीव जाळून घेतेस? ती म्हणाली, त्याला रोज तिथे बसावं लागतं, तर मला तिथून जायला काय झालं?

शेवटी दिवस ठरला. आदल्या दिवशी वॉचमन फाटक उघडताना म्हणाला, "बाई, उद्या याल का तिकडे?" एवढंच. पावणेपाच महिन्यांत पहिलं वाक्य.

रुग्णालयातल्या त्या खोलीत तो, त्याची बायको, डॉक्टर, परिचारिका, आणि दाराशी ताई. औषध थेंबाथेंबानं सुरू झालं. सात मिनिटं काही नाही. आठव्या मिनिटाला त्याचा चेहरा लालबुंद झाला, कमरेत कळ आली, श्वास अडकला. यंत्रावरचा रक्तदाबाचा आकडा घसरायला लागला. परिचारिकेचा हात आधीच नळीवर होता. तिनं औषध बंद केलं, डॉक्टरांनी तयार ठेवलेलं इंजेक्शन दिलं. अर्धा तास सगळ्यांचा जीव टांगणीला. मग आकडा वर आला. जुन्या बेताप्रमाणे हे सगळं औषध दहा मिनिटांत आत गेलं असतं, आठव्या मिनिटाला थांबवण्यासारखं फारसं उरलं नसतं, असं डॉक्टरांनी नंतर व्हरांड्यात ताईला सांगितलं. तिनं मान हलवली आणि परत आत गेली.

आत डॉक्टरांनी वॉचमनला विचारलं, थांबायचं की अजून हळू सोडून बघायचं? त्यानं डोळे उघडून ताईकडे बघितलं. तुम्ही सांगा, म्हणाला. ताई म्हणाली की मला नाही सांगता येणार, मी नुसती धुते. तो हसला, आणि डॉक्टरांना म्हणाला, सोडा. सहा तास लागले. दुसऱ्या डोसला पुन्हा थोडा लाल झाला, तिसऱ्याला काही नाही.

आता परवाची गोष्ट. त्या पहिल्या डोसला आठ महिने होऊन गेलेत. दुपारी दारात एक बाई आली, हातात खाकी पँट. मी वॉचमनची बायको, म्हणाली. पूर्वी मी तिला बघितलं नव्हतं. पँट तिनं माझ्या टेबलावर पसरली. ही मीच घरी हातानं आत घेत गेले, म्हणाली, तीन वेळा. आता आवळते, दोन बोटं सैल करून द्या. आत बघितलं तर एकाखाली एक तीन ओळी टाक्यांच्या, जाड दोऱ्याच्या, वेड्यावाकड्या. गाठ पूर्ण गेलेली नाही, ती सांगत होती, पण निम्म्याहून कमी झाली आहे. पुढचं पुढे, भूक तरी लागते. मी उसवायला सुरुवात केली.

मग ती म्हणाली की मला तुमचे आभार मानायचे होते. मी वर बघितलं. "तुमच्या ताई म्हणाल्या, त्यांची छाती झाली नसती. धाकटीनं धीर दिला म्हणून बोलल्या."

ताई खोटं बोलत नाही, ते चौकोन सोडले तर. ती असं का म्हणाली असेल, मला माहीत नाही. कदाचित तिला तसंच आठवत असेल. कदाचित मी फडकं परत दिलं तो तिला धीर वाटला असेल. मी तोंडात मूग गिळून बसू शकले असते; ती बाई खूश होऊन गेली असती आणि मी आयतं पुण्य पदरात पाडून घेतलं असतं. पण माझ्या हातात ते तीन ओळींचे टाके होते, आणि मला ते जमेना. आठ महिने मला रोज आठव्या मिनिटाची आठवण येते. माझं ऐकलं असतं तर.

"मी धीर दिला नाही," मी म्हटलं. "मी तिला गप्प बस म्हणाले होते."

ती बघतच राहिली. मला वाटलं पँट उचलेल आणि चालू लागेल. मी मान खाली घातली आणि उसवत राहिले.

"मला विचारलं असतं ना," ती म्हणाली, "तर मीसुद्धा तेच म्हणाले असते. मला त्या गुरुवारी औषध हवं होतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आणि दोरा दिसेनासा झाला. ती पदरानं डोळे पुसत उभी होती, पँट कधी मिळेल ते विचारायचं विसरली. मीच म्हटलं, बसा, आत्ता करून देते.